ड्रममधलं तीर्थ

"फळातनं निघालेलं पाणी आधी लिंगाला, मग बायकांच्या तोंडाला," असं शांतम्मा एकदा म्हणाली होती. शेडमधले सगळे हसले होते. ती हे खरंच करत असेल, असं कुणाच्याही मनात आलं नाही.

शांतम्मा अक्कलकोटकडच्या खेड्यातली. कानडीत हसायची, मराठीत भांडायची. लग्न होऊन जवळच्या शहरात, भवानी पेठेत आली. नवरा गेल्यावर टॉवेलच्या कडा शिवत राहिली. बोटं टणक झाली, बोलणंही. तिच्या बहिणीच्या मुलानं, नंदीशनं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले आपले टॉवेलचे माग विकले आणि त्याच शेडमध्ये डाळिंबाचं पाणी काढायचं यंत्र बसवलं. तेव्हा त्यानं मावशीला बोलावून घेतलं.

तडकलेली डाळिंबं बाजारात कुणी घेत नाही. ती इथे येतात. त्यांचा रस बंद भांड्यात मंद तापवला जातो, वाफ गार नळीतून फिरते आणि शेवटी थेंब थेंब उतरते. लाल रंग भांड्यातच राहतो. खाली येतं ते बिनरंगी पाणी, नाकाशी धरलं तर जेमतेम फळाची आठवण देणारं. पुण्याची एक कंपनी ते ड्रमनं नेते आणि चेहऱ्यावर फवारायच्या बाटल्यांत भरते. साध्या पाण्याऐवजी फळाचं पाणी, कोरड्या त्वचेला ओलावा देणारं, असं बाटलीवर छापलेलं असतं. पाणी टिकवायचं औषध पुण्यात पडतं. तोवर त्याला बाहेरचा थेंबही लागता कामा नये.

ड्रम भरला की झाकण शांतम्मा लावायची. इतर माणसं जेवायला बाहेर गेलेली असायची. ती कोपऱ्यात बसायची, लिंगायत रीतीप्रमाणे गळ्यातल्या करंड्यातून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायची, विभूती लावायची आणि त्यावर डाळिंबाच्या पाण्याची धार धरायची. तळहाताखालच्या वाटीत जमलेलं तीर्थ ती ड्रममध्ये ओतायची. घरी पाण्याच्या घागरीत चमचाभर तीर्थ टाकलं की सगळी घागर तीर्थ होते, हे ती लहानपणापासून बघत आलेली. पुण्यातली कोण कुठली पोर आरशासमोर उभी राहील, तिच्या गालावर देवाचा हात फिरेल. यात चोरी आहे असं तिला वाटलं नाही. सांगण्यासारखं आहे असंही वाटलं नाही.

मग पुण्याहून ड्रम परत आले. पाण्याला वास सुटला होता, त्यात जंतू सापडले होते. नंदीशनं नळ्या बदलल्या, ड्रम उकळत्या पाण्यानं धुऊन घेतले. पुढचे ड्रमही परत आले. आणखी एकदा असं झालं तर व्यवहार बंद, असं कंपनीनं फोनवर कळवलं.

त्या दुपारी नंदीशनं कुणालाच जेवायला सोडलं नाही. पत्रा तापला होता. नवा ड्रम नुकताच भरला होता आणि त्याच्या एका बाजूला राजेश्वरी उभी होती. ड्रम धुण्याचं काम तिचं.

"मला खरं सांग," नंदीश म्हणाला. "आतनं हात फिरवतेस की नुसतं पाणी मारून उलटं करतेस?"

"घासते की, मालक. ह्ये बघा हात. साल निघालीय."

"हात काय बघू? हात बघून पुण्याचे लोक पैसे देणार हायत?"

"मग माझं तोंड बघा! खोटं बोलणाऱ्याचं दिसतंय का?"

कुणीतरी हसलं.

"फळ चांगलं, यंत्र चांगलं," नंदीश म्हणाला. "राहिलं कोण? उद्यापासून येऊ नकोस."

राजेश्वरीच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला होता. हे सगळ्यांना माहीत होतं, नंदीशलाही. म्हणूनच त्यानं ते तिच्याकडे न बघता सांगितलं.

ती शांतम्माकडे वळली. "मावशी, तुमी तर सांगा. झाकण तुमीच लावता. ड्रम कसा असतोय त्ये तुमी बघता की."

शांतम्मानं ड्रमच्या काठाकडे पाहिलं. ड्रम स्वच्छ असतो, एवढं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण त्याच्या पुढचा प्रश्न तिला दिसत होता. ड्रम स्वच्छ, पाणी स्वच्छ, मग त्यात घाण पडली कशाची? त्याचं उत्तर तिच्या तोंडून निघालं असतं, तर तीर्थ नासकं आहे असं तिनंच म्हटल्यासारखं झालं असतं. आणि गप्प राहिली तर राजेश्वरी जाणार. तिच्या मानेवर घाम उतरत होता. तो तिनं पुसला नाही.

"मावशी, लाव झाकण," नंदीश म्हणाला. "विषय संपला."

शांतम्मा ड्रमपाशी गेली. झाकण तिनं उचललं नाही. ती तिथेच, सगळ्यांच्या समोर, खाली बसली. करंडा उघडला. लिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली, ड्रममधलं भांडंभर पाणी घेऊन धार धरली. खाली वाटी होती. शेडमध्ये फक्त त्या धारेचा आवाज. मग ती उठली आणि वाटी ड्रमवर धरली.

"मावशी!" नंदीश ओरडला.

तिनं ती ओतली.

नंदीशचा हात नकळत स्वतःच्या सदऱ्याच्या आत, छातीवरच्या करंड्यापाशी गेला होता.

"दर वेळी?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"अगं, विभूती, हात, वाटी... हे सगळं त्यात?"

"देवाचं हाय त्ये."

"देवाचंच गं. पण पुण्याला मी काय सांगू? देवामुळं नासलं म्हणून?" त्याचा आवाज फाटला. मग त्यानं तो खाली आणला. "राजेश्वरी राहील. तूही राहा. फक्त एवढं बोल, की यापुढं असं करणार न्हाय. चुकलं म्हण. एवढंच."

राजेश्वरी पुढं आली. "म्हणा की मावशी. काय जातंय? देव काय रुसतोय व्हय?"

शांतम्मानं तिच्याकडे पाहिलं, मग नंदीशकडे. तिनं लिंग पदरानं कोरडं केलं, करंड्यात ठेवलं, त्याचं झाकण दाबून लावलं. उघड्या ड्रमला वळसा घालून ती दाराशी गेली, चपला पायात सरकवल्या, आणि उन्हात बाहेर पडली.