झऱ्याकाठची झडती

नखाएवढा तो बेडूक ओल्या पानावर बसला होता. घाटातला हा एक झरा सोडला तर तो कुठेच सापडत नाही म्हणतात. मी जरा हललो की त्याच्या गळ्याची धडधड थांबायची. वाट दाखवायला आलेल्या सावित्रीकाकूही माझ्यावरून नजर काढत नव्हत्या. इतक्याशा जिवाला माणसाचा संशय घ्यायला कोणी शिकवलं असेल, असं मनात आलं.

निघताना काकू म्हणाल्या, "पिशवी उघडा बघू."

"विश्वास नाही माझ्यावर?"

"मागच्या खेपेला आलेलेही असंच म्हणाले होते."

मला राग आला. पिशवी उघडून दाखवली. आतली डबी रिकामीच होती. काकूंनी झाकणाची बारीक भोकं बोटानं चाचपली. ती मी घरूनच पाडून आणली होती.