अध्यक्षांच्या वाट्याची डिस्क

दिवाकर गेल्याची बातमी मला आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयातून फोनवर कळली. "सर, वाईट बातमी आहे. आपले दिवाकर सर सकाळी गेले. झोपेतच..." मी काही बोलायच्या आत अधीक्षक पुढे म्हणाले, "आणि सर्व्हरही बंद पडलाय. त्याबद्दल आपल्याशी काही बोलले होते का हो ते?" दोन वाक्यांच्या मध्ये त्यांनी आवंढा गिळला होता, हे नमूद करायला हवं. माणूस मनाने वाईट नाही.

दिवाकर अमरावतीचा. शिकायला पुण्यात आला, नारायण पेठेतल्या आमच्या संस्थेत संगणक विभागात लागला आणि इथेच राहिला. मी त्याच संस्थेच्या महाविद्यालयात इतिहास शिकवत असे. पुण्याशी त्याचं कधी जमलं नाही. इथे लोक घरी बोलावतात आणि चहा झालाच असेल असं गृहीत धरतात, ही त्याची कायमची तक्रार. निवृत्त झाल्यावर परत जायचं हे त्याचं ठरलेलं होतं. अमरावतीला घर बांधून झालं, शालूवहिनी आपली शाळेतली नोकरी संपवून पुढे गेल्या. दिवाकर मागून जाणार होता... सर्व्हर एकदा मार्गी लागला की.

हा सर्व्हर काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. संस्थेने प्रवेश, फी आणि गुणपत्रिका यांसाठी पहिलं मोठं यंत्र घेतलं तेव्हा त्यावर युनिक्स ही यंत्र चालवणारी प्रणाली बसवायचं काम दिवाकरकडे आलं. युनिक्स बसवण्याआधी डिस्कचे भाग पाडावे लागतात. एका भागात खुद्द यंत्रणा, एकात लोकांच्या फायली, आणि एकात आपोआप वाढत जाणाऱ्या गोष्टी : कोणी कधी काय केलं याच्या नोंदी, टपाल, छपाईसाठी ताटकळलेले कागद. या शेवटच्या भागाला तो 'व्हार' म्हणे. "हा भाग वेगळा आणि ऐसपैस ठेवायचा," तो मला समजावत असे, "नाहीतर तो भरतो, आणि शेजारी मैदान मोकळं असलं तरी यंत्र बसकण मारतं." त्याने तसा आराखडा केला आणि सौजन्य म्हणून कार्यकारिणीला दाखवला.

त्याच्या आयुष्यातली चूक म्हणायची तर हीच. पुण्यातल्या संस्थेच्या कार्यकारिणीला कोणी वाटणीचा कागद दाखवतं का? सभेत पहिला प्रश्न आला, "अध्यक्षांचा भाग कोणता?" दिवाकर म्हणाला, असा भाग नसतो. मग तो करण्यात आला. उपाध्यक्षांना त्याहून थोडा लहान, कार्यवाहांना त्याहून लहान, खजिनदार रुसले म्हणून त्यांनाही. व्हारच्या बाजूने बोलणारं कार्यकारिणीत कोणीच नव्हतं, त्यामुळे उरलेला कोपरा त्याच्या वाट्याला गेला. "तात्पुरतं आहे म्हणून हो म्हटलं," दिवाकर मला म्हणाला. "वर्षभरात काढून नीट बसवतो."

भागांमधल्या भिंती एकदा उभ्या राहिल्या की त्या हलवायला सगळं सामान बाहेर काढावं लागतं, म्हणजे सर्व्हर चार दिवस बंद. ते चार दिवस त्याला कधीच मिळाले नाहीत. जूनमध्ये प्रवेश, मग परीक्षा, मग निकाल, मधल्या फटीत कुणाची तरी पुण्यतिथी. दर काही आठवड्यांनी व्हार भरे आणि गुणपत्रिका छापायच्या थांबत. दिवाकरने जुन्या नोंदी आपोआप काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला, तर ठराव झाला की नोंदी पुसल्या जाताना जबाबदार व्यक्ती समक्ष हजर हवी. जबाबदार व्यक्ती कोण, यावर मात्र चर्चा झाली नाही.

अध्यक्षांच्या भागात तोवर एकच फाईल होती, त्यांच्या सत्काराला त्यांनी दिलेल्या उत्तराची. मी एकदा म्हटलं, "अरे, तिथे ढकल की तुझ्या नोंदी. कोणाला कळणार आहे?"

"तू दुसऱ्याच्या दारासमोर स्कूटर लावतो का?"

"नाही."

"का नाही लावत?"

"पाटी असते."

"मग!" तो म्हणाला आणि पुढे विषय नाही. पुण्याला इतकी वर्षं नावं ठेवणारा हा माणूस आतून आमच्यापेक्षा पुणेकर झाला होता.

पुढे जुनं यंत्र मोडीत निघालं. नवं आलं तेव्हा दिवाकरचा चेहरा खुलला होता. आता तरी आराखडा आपला. पण तोवर अध्यक्षपद वडिलांकडून चिरंजीवांकडे आलं होतं, आणि 'पूर्वीचीच व्यवस्था कायम ठेवावी' असा ठराव संमत झाला. डिस्क कैक पटींनी मोठी होती, म्हणून सगळ्यांचे वाटे त्याच प्रमाणात मोठे झाले. नोंदीही तोवर तितक्याच वाढल्या होत्या. भागावरचं नाव बदललं, बाकी सगळं तसंच.

निवृत्तीला त्याला शाल, श्रीफळ आणि मानद सल्लागारपद मिळालं. म्हणजे शाल, श्रीफळ आणि सर्व्हर. वहिनी अमरावतीहून फोन करत. एकदा मी समोर बसलेलो असताना त्याने फोन स्पीकरवर टाकला. "दिवाळीले येता, का सर्व्हरलेच उटणं लावता यंदा?" तो हसला. मग म्हणाला, "येतो ना, तिकीट काढलंय." तिकीट खरंच काढलेलं होतं. ते रद्द करतानाही मी समोरच होतो. "सोड ना हे," मी चिडून म्हणालो. "बंद पडू दे एकदा." त्याने रद्द केलेलं तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "ज्या पोरांचे दाखले अडकतील, त्यांनी काय केलंय रे?" दर वेळी दोन-चार पोरं दारात उभी असायचीच, आणि संस्थेला हे पक्कं ठाऊक होतं.

शेवटी तो आठवडाभर तापाने पडून होता. तेवढ्यात व्हार भरला.

संस्थेने दुखवटा म्हणून कामकाज बंद ठेवलं. जोडून सुट्ट्या आल्या आणि सर्व्हरला सलग चार दिवस मिळाले. हिंजवडीच्या एका कंपनीतून एक इंजिनिअर मुलगी आली. शोकसभेची सतरंजी घालायचं चाललं होतं तेव्हा ती पडद्याकडे बघत अध्यक्षांना विचारत होती, "सर, हा एवढा मोठा भाग रिकामा कोणासाठी ठेवलाय?"

अध्यक्ष म्हणाले, "कोण जाणे. दिवाकर सरांनीच ठेवला असेल."

तिने व्हारला हवी तेवढी जागा दिली. दुपारच्या चहाच्या आत काम झालं. त्यानंतर अध्यक्षांनी शोकसभेत सांगितलं की दिवाकर सरांची पोकळी भरून निघणार नाही.

महिन्याभराने मी त्याच्या पुण्यातल्या खोलीतलं सामान घेऊन अमरावतीला गेलो. दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक खोकं, बस. ते घर मी पहिल्यांदाच पाहत होतो. बैठकीची खोली इतकी लहान की पाहुण्यांचे गुडघे एकमेकांना लागत होते. "नकाशा त्यांचाच," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणून राहिली होती की हॉल मोठा घ्या, तर ऐकलं नाही. या, दाखवते." मागे एक प्रशस्त खोली होती. दोन बाजूंना खिडक्या, भिंतभर दगडी फडताळं, आणि आत काहीच नाही. घरात जे वाढत जातं त्याला आधी जागा काढून ठेवायची, मग राहिलेल्यात माणसांनी बसायचं, असं त्याने गवंड्यालाही बजावलं होतं म्हणे.

आम्ही बॅगा आणि खोकं एका कोपऱ्यात ठेवलं. ते तिथे इतकं लहान दिसलं की वहिनींनी ते उचलून खिडकीजवळ ठेवून पाहिलं, मग भिंतीशी, मग पुन्हा कोपऱ्यात.

"मोजमाप बरोबर होतं त्यांचं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "खोली चांगलीच मोठी झाली. पण काही साठायला माणूस घरात राहायला तर पाहिजे ना..."

मग त्यांनी पदराने एक रिकामं फडताळ पुसलं. त्यावर धूळ नव्हती. रोज पुसत असणार.