सीतालक्ष्मी अक्काच्या तळ्यातला जाळ

तंजावूरकडच्या ओरत्तनाडूच्या अलीकडं आमचं गाव. मराठी घरं थोडी, बाकी अस्की, म्हणजे सगळी, तमिळ. आमचं बोलणं महाराष्ट्रातल्या माणसाला जुनाट वाटतं. वाटू दे. आम्ही अजून ‘कोठें’ म्हणतों, आणि कोणी वाट पुसली तर कोठें ते नीट सांगतों.

सीतालक्ष्मी अक्काच्या परसात तळं आहे. एका कोपऱ्यात पाण्याखालून बुडबुडे येतात, चुलीवरच्या भातासारखे. त्या घरची रीत अशी, की नवी सून आली की सासू तिच्या हातीं पेटता कापूर देते आणि बुडबुड्यांवर धरायला लावते. भक्कन जाळ उठतो. सून किंचाळली तर भित्री, हसली तर आगाऊ. अक्का यांतली कुठलीच नव्हे. लुगड्याचा काठ जळला म्हणून ती सासूलाच बोलली होती.

तिच्या सुनेनं मात्र तो कापूर धरलाच नाही. पोरगा सतीशकुमार गावाबाहेर गॅससाठी भोक पाडणाऱ्या रिगवर कामाला लागला. रिग गोदावरीकडं हलली, हाही तिच्याबरोबर गेला आणि तिकडं एका तेलुगू पोरीशी लग्न करून बसला. बाप हनुमंतराव तापट. उंबरा चढायचा नाही, असा निरोप त्यानं धाडला. पोरगाही त्याच रक्ताचा. पुढं बाप वारला, तेही त्याला कळवतां आलं नाही. रिग आज इथं, उद्या तिथं. पत्ता कुणाचा घ्यायचा?

त्या वर्षांत गावात केबल आली होती. नंदिता म्हणून एक मुलगी कॅमेरा घेऊन मद्रासेहून आली. तिचे वाडवडील तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या गल्लीतले. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र तमिळमध्ये. तिला गॅसच्या खोदाईवर चित्रपट करायचा होता. रिगवरचा रसायनी चिखल बांध फोडून शेतांत शिरला होता. त्या वाफ्यांत भात अजून धड उगवत नव्हता. ते तिनं नीट टिपून घेतलं. मग कुणीतरी तिला सांगितलं, अहो, इथं पाणीसुद्धा पेटतं.

अक्का रेशमी लुगडं नेसून तळ्याशी आली. तिच्या मनांत काय होतं ते मला ठाऊक होतं. रिग कोठेंही असो, तिथल्या कॅम्पात टीव्ही असणार, आणि रिगवरचं चित्र म्हटल्यावर ती माणसं पाहणारच. कपाळ मोकळं दिसलं की बाप गेल्याचं पोरग्याला कळेल. मागचं दार उघडं दिसलं की उरलेलंही कळेल.

तिनं कापूर धरला. जाळ उठला. नंदितानं विचारलं, हे कधीपासून? अक्कानं सरळ सांगितलं, माझ्या लग्नांतही पेटलं होतं, माझ्या सासूच्याही. तेव्हां रिग कोठें होती?

नंदिताचा चेहरा उतरला. पोरगी वाईट नव्हती. तिनं अक्काला तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसवून समजावलं, की चिखलाचं शेत कोण बघतंय. जाळ असला तरच चॅनलवाले चित्रपट घेतील. खोटं बोलूं नका, काकू. किती सालांपासून पेटतं, तेवढं बोलूं नका. नुसता जाळ, तुम्ही आणि तुमचं घर. अगदी सुरुवातीलाच दाखवीन.

अक्कानं लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या.

“आणि बघणारा काय समजेल?” ती म्हणाली.

नंदिता नुसती वही चाळायला लागली.

“इतर कोणी काय ते समजो. माझ्या पोरग्यानं लहानपणीं हा जाळ किती वेळां पाहिलाय. बापानं ओरडावं इतका पेटवायचा. तो मला टीव्हींत बघील आणि म्हणेल, आई खोटं दाखवते. इतक्या वर्षांनी मी दिसायची, ती अशी? जाळ घ्यायचा तर माझं बोलणंही घे. नाहीतर दोन्ही राहू दे.”

नंदितानं दोन्ही घेतलं आणि गेली. पुढं गावच्या बूथवर मला तिचा फोन आला. चॅनलवाल्यांना जाळ हवा होता, बोलणं नको होतं. म्हणून तिनं दोन्ही काढलं. वेळही मग दुपारची, कुणी न बघायची मिळाली.

ती दुपार आम्ही माझ्याच घरीं टीव्हीपुढं काढली. चिखल होता, मेलेलं शेत होतं, सगळं जसं होतं तसं. अक्का नव्हती. शेवटाला गोदावरीकडची एक रिग दाखवली. पिवळ्या टोप्यांची माणसं, एक जण लोखंडी जिन्यावर पाठमोरा. अक्का उठून पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. तोंवर जाहिरात लागली.

दुसऱ्या दिवशी नंदिताला फोन लावायला तिनं मला एसटीडी बूथवर ओढत नेलं. रिसीव्हर धरायची तिला सवय नाही. उलटा धरला, मी सरळ केला. पलीकडचं बोलणं मलाही ऐकूं येत होतं.

“तो जिन्यावरचा. त्याचं नांव पुसलंस का गं?”

नंदिता हो म्हटली असती तर काय बिघडलं असतं? खांद्यांवरून तर कुणीही कुणाचा पोरगा होतो. ती पोरगी मराठींत बोलली, अडखळत. “नाही काकू. कुणाचंच पुसलं नाही.”

“बरं,” अक्का म्हणाली. “मग परत कधीं दाखवणार, ते चॅनलवाल्यांना पूस.”