पाठ केलेला नंबर

ती घटना आठवली की अजूनही आधी कानात वाजतो तो टेबलावरच्या फोनचा ‘टिंग’ आवाज. तो वाजायच्या मिनिटभर आधी मी एका सच्च्या बाईला फितूर ठरवून मोकळा झालो होतो. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे सारवासारव नको.

निवृत्तीला काही महिने उरले होते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. साखरशेतकडची एक विवाहिता नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आली. वय बावीस-तेवीस, डावा हात गळ्यात बांधलेला. गुन्हा नोंदवला, नवऱ्याला अटक झाली, तो जामिनावर सुटला आणि चारचौघांत म्हणाला, “सापडली का तोडीन.” माहेरी ठेवणं म्हणजे तिला त्याच्या हाती देणं. म्हणून आमच्या महिला हवालदार बाईंनी पोशेऱ्याला ओळखीच्या एका निवृत्त अंगणवाडी सेविकेच्या घरी तिची सोय केली. पत्ता मला, हवालदार बाईंना आणि त्या सेविकेला, एवढ्यांनाच ठाऊक. स्टेशन डायरीतही गावाचं नाव येऊ दिलं नाही. मी तिला शब्द दिला, “पोरी, तुझा ठावठिकाणा या खोलीबाहेर जाणार नाही.”

दीड महिना बरा गेला. मग मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी दुपारी एका जीपवाल्याचा फोन आला. 

“साहेब, एक जण पोशेऱ्याच्या गाडीत बसलाय. अंगणवाडीवाल्या ताईचं घर इचारतो. पिशवीत कोयता हाय.”

“कोयता काय, तुमच्याकडे सगळ्यांकडेच असतो.”

“असतो ना साहेब, पण नवा कोयता कागदात गुंडाळून कोण नेतो? मी पंक्चरचं निमित्त करून गाडी उभी केलीय. लवकर या.”

पोलिसाला शाळेत जे शिकवत नाहीत ते जीपवाल्याला कळतं. आम्ही गेलो, तर तिचा नवराच जीपमध्ये बसला होता. झडतीचा पंचनामा केला: कोयता, तंबाखूची पुडी, एक मोबाईल. ठाण्यात आणून समोर बसवलं. 

“पत्ता कोणी दिला?”

“कोनी नाय.”

“मग स्वप्नात आला?”

तो हसला. मार खाल्लेले, रडणारे, पाया पडणारे आरोपी मी खूप पाहिले, असा हसणारा क्वचित. म्हणाला, “आज धरलास, उद्या सोडशील. तिला दुसरीकडं ठेव, मी तिथंबी येईन. मना कळतंच.”

याला फार दिवस आत ठेवता येणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. तिला हलवायचं तर कुठे? पत्ता ज्या वाटेने फुटला ती वाट सापडेपर्यंत कुठलंही घर सुरक्षित नव्हतं. आणि माझ्या वेळी माझ्या ठाण्यातून फुटलेल्या पत्त्याने एका पोरीचा जीव जाणार, या विचाराने माझं डोकं फिरलं. हवालदार बाईंना मी सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, पत्ता तिघांना माहीत. मी सांगितला नाही. सेविका कशाला सांगेल? तिच्याच दारात कोयता येणार होता.”

“म्हणजे मी,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. “सव्वीस वर्षं वर्दी घातलीय, साहेब. तुम्हाला तसं वाटत असेल तर डायरीत लिहा. पण आधी पोरीला हलवा.”

“कुठे हलवू? तुम्ही सांगाल तिथे?” हे मी बोललो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं.

तेवढ्यात टेबलावरचा जप्त मोबाईल वाजला. पडद्यावर मजकूर उमटला. आधी त्या पोरीचं नाव, आणि पुढे: “ताई, अभिनंदन! तुमचा भेटीचा प्रेशर कुकर निघाला आहे. पत्ता: पोशेरा, अंगणवाडीच्या ताईंचं घर. कृपया घरी थांबा.”

त्याचं हसू गेलं. वर चाळलं तर तिच्याच नावाने कर्ज, विमा, गोरं करणारं क्रीम, सगळ्यांचे मेसेज. पहिल्याच मेसेजात पोशेरा होतं. कोणी फितूर नव्हतं. पत्ता चालत त्याच्या खिशात गेला होता.

हवालदार बाई तशाच पोशेऱ्याला धावल्या आणि तासाभरात पोरीला घेऊन आल्या. ती म्हणाली, “मी कोनाला नाय सांगला, साहेब. मागं ताईसंगं बाजारात गेलू. तिथं मंडपात फुकटच्या कुकरचा फारम भरीत होते, कुकर घरी याया पत्ता ताईचा दिला. तो म्हने, फोन नंबर दे. मना फोन नाय. तो म्हने, नंबराबिगर फारम होत नाय. मंग मना पाठ होता तो सांगला.”

“कोणाचा पाठ होता?”

“त्याचाच.”

इकडची माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर निघाली की नवरा आधी बायकोकडून आपला नंबर घोकून घेतो. शहरात चुकामूक झाली तर कोणालाही सांगता यावा म्हणून. हिच्याकडून लग्नाच्या पहिल्याच वर्षी भट्टीवर घोकून घेतलेला. चुकला आकडा की थप्पड. असा पाठ झालेला नंबर कोण विसरेल?

मंडप त्या दिवशीही बाजारात होता. तिथल्या इस्त्रीच्या शर्टवाल्याला बोलावलं. त्याने शांतपणे फॉर्म दाखवला. “साहेब, संमती आहे. हा बघा अंगठा.”

“कशाची संमती?”

“माहिती आमच्या भागीदार कंपन्यांना द्यायची. खाली लिहिलंय.”

“मला चष्मा लावूनही दिसत नाही, तिला वाचून दाखवलंस?”

“एवढं कोण वाचतं, साहेब?”

“मग अंगठा कुकरसाठी होता, शहाण्या! नाव काढ तिचं.”

“यादी पुढे गेली. तिथून आणखी तीन ठिकाणी. आता माझ्या हातात काही नाही.”

पुढे आठवडाभर मी त्या कंपनीशी भांडलो. मेल केला की उत्तर एकच, ‘आपली विनंती नोंदवली आहे’, आणि त्याखाली कुकरची जाहिरात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा तेव्हा मंजूर झाला होता, नियम यायचे होते. आता नियम आलेत, पुरते लागू व्हायला अवकाश आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा, समजेल अशा भाषेत विचारा, मागितलं की पुसून टाका. वाचून बरं वाटलं. ते नियम मोखाड्याच्या बाजारातल्या मंडपापर्यंत पोहोचले तर आणखी बरं वाटेल.

पण कोयता पकडला त्याच दिवशी संध्याकाळी हवालदार बाई पोरीला जिल्ह्याबाहेर सोडायला निघणार होत्या. कागदपत्रं जोडावीत म्हणून मी तिची मूळ तक्रार काढली. ‘फिर्यादीचा मोबाईल’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात दहा आकडे. जप्त फोनच्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहिला. तोच नंबर. आमच्या माणसाने विचारला, तिने पाठ होता तो सांगितला, आम्ही लिहिला. खाली ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ आणि त्याखाली माझी सही. मंडपातल्या पोराला मी ज्याबद्दल झापलं, ते माझ्या ठाण्यात त्याच्याही आधी झालं होतं.

हवालदार बाईंना बोलावलं. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच म्हणालो, “बाई, मी चुकलो. माफ करा.”

त्यांनी कागद वाचला. “माफीचं नंतर बघू, साहेब. आधी पुरवणी जबाब घ्या आणि कोर्टाला कळवा. नाहीतर तारखेचा मेसेजही त्याच्याच खिशात वाजेल.”

जबाब घेतला, नंबर बदलून हवालदार बाईंचा दिला. उरलेल्या नोकरीत नंबर लिहिणाऱ्या प्रत्येक शिपायाला मी एकच प्रश्न विचारायला लावला: हा फोन कोणाच्या खिशात वाजतो? या प्रश्नाने निदान आमच्या ठाण्यात बरेच रकाने कोरे राहिले, आणि कोरे राहिले ते बरंच झालं. कोयता मी जन्मभर शोधत आलो. कागदावरचे दहा आकडेही तेच काम करू शकतात, हे कळायला निवृत्तीची वेळ यावी लागली.

नवऱ्याला पुढे शिक्षा झाली. गेल्या वर्षी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. जाहिरातच असणार म्हणून मी खेकसलो, “कोण पाहिजे?”

“साहेब, मी,” तिकडून आवाज आला. “सायपाकाचं काम करते. फोन घेतला. हा माझा नंबर हाय.”

मी पेन शोधू लागलो. “सांग, लिहून घेतो.”

“लिहू नका, साहेब,” ती म्हणाली. “पाठ करा.”