दहा कुणाला तरी लागतील

माझ्या थोरल्या भावाला घरात सगळे आकडेशास्त्री म्हणतात. कुणाला ताप आला तर कपाळाला हात लावायच्या आधी हा थर्मामीटर शोधतो. वहिनीने "भाजी कशी झालीय?" विचारलं की "मागच्या वेळेपेक्षा बरी" म्हणतो आणि ती का फुगली याचा विचार करत बसतो. इस्पितळाच्या संगणक विभागात नोकरी लागली तेव्हा वहिनीच सर्वांत खूश झाली. म्हणाली, "आता आकडे तिकडेच सांडून येतील."

तिथे त्याने एक काम अगदी मनापासून केलं. पूर्वी ओळख काढून पुढे घुसणारे फार. दादाने रांगच संगणकाच्या ताब्यात दिली. दारातली सिस्टर विचारणार, "किती दुखतंय? एक ते दहात सांगा," आणि ज्याचा आकडा मोठा तो आधी आत. "आकडा कुणाचा भाचा नसतो," हे वाक्य त्याला इतकं आवडलं की आम्हाला ते रोज जेवणात वाढलं जायचं.

मग एके सकाळी आई न्हाणीघरात घसरून पडली. मी तिला टॅक्सीत घातलं आणि दादाच्याच इस्पितळात नेलं. माझा खांदा धरून, लंगडत ती कशीबशी दारापर्यंत आली.

"आजी, किती दुखतंय?"

"दोन."

"आई!"

"दोनच. उगाच कशाला?"

झालं, आम्ही बाकावर. मागून आलेला एक धिप्पाड गृहस्थ सुजलेला अंगठा नाचवत "नऊ!" म्हणाला आणि रुबाबात आत गेला. आईने त्याच्याकडे कळवळून पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"निदान आता तरी आठ सांग."

"अगं, दहाच आहेत ना त्यांच्याकडे? खरंच दुखणाऱ्या कुणाला तरी लागतील."

मी कपाळाला हात लावला. दादाला फोन करते म्हटलं, तर तेही नाही. "त्याची आई म्हणून पुढे गेलं तर नाक कापलं जाईल त्याचं." मी तिचं न ऐकता फोन लावला.

दादा धावत आला खरा, पण आधी संगणकाच्या पडद्याकडे बघितलं. "दोन? मग फार नसेल." मला त्याचा असा राग आला! मग त्याने आईकडे बघितलं आणि तिच्यासमोर खालीच बसला.

"आई, जरा उभी राहा बघू."

"ते नाही जमायचं रे."

"पाय उचल."

"तो मगाशीच बंद पडलाय."

ते ऐकून सिस्टर ताडकन उठली. खुब्याचं हाड मोडलं होतं. "आणखी बसल्या असत्या तर हाड सरकलं असतं," डॉक्टर म्हणाले. दादाच्या तोंडचं पाणी पळालं.

ऑपरेशन दोन दिवसांनी ठरलं; तोवर आकडेशास्त्रींनी जुन्या नोंदी उपसल्या. 'दोन', 'तीन' सांगून बाकावर ताटकळलेली आणि नंतर भलतंच काही निघालेली माणसं बरीच होती. बहुतेक म्हाताऱ्या बायका, घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसणाऱ्या. "सगळ्यांना एकच प्रश्न विचारला म्हणजे न्याय झाला, असं वाटलं गं मला," तो म्हणाला. मग डॉक्टरांच्या मागे लागून त्याने दारात आणखी एक प्रश्न घालून घेतला: रोजचं कुठलं काम आज जमत नाहीये?

ऑपरेशनच्या वेळी आम्ही दोघं बाहेर बसलो होतो.

"घाबरलास का रे?"

"दोन," तो म्हणाला. मग मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी पाचव्यांदा ताडून पाहिलं.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी आई पुरती जागी झाल्यावर वॉर्डातल्या सिस्टरने तोच जुना प्रश्न विचारला. आईने सवयीने तोंड उघडलं, दादाकडे बघितलं आणि थांबली.

"आठ," ती म्हणाली. "आठ आहेत रे, बाळा."

आठ ऐकून इतका आनंदलेला माणूस त्या सिस्टरने कधी पाहिला नसेल. दादा आईचा हात गालाला लावून रडत होता. "औषध द्या तिला," एवढंच त्याला म्हणता आलं.