बाबुरावांनी वाढवलेलं वर्ष

बाबुराव बसल्या जागी तरंगायचे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथवर उभं राहून काढली, पण तिथंही यंत्राच्या घरघरीत ते कुठल्या कुठे पोचायचे, आणि तरी दहाही बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाले. खोपटच्या चाळीत हा चमत्कार अजून सांगितला जातो. म्हातारपणी तर त्यांना मुभाच मिळाली. दुपारी ओट्यावर बसावं, समोर वाळत घातलेल्या साड्यांमधून ऊन हलत राहावं, आणि नातू धम्मपाल कधी दोन वर्षांचा दिसावा, कधी काळा कोट घातलेला. आईबापामागे त्यांनीच त्याला वाढवलेलं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी ते असेच तरंगत असताना शेजारची हौसाबाई धावत आली. धम्मपालला पोलिसांनी उचललं होतं.

घडलं होतं एवढंच. धम्मपाल आणि त्याचा कॉलेजातला मित्र सलिल यांनी नौपाड्यात एका दवाखान्याबाहेर किल्लीसकट उभी असलेली मोटरसायकल घेतली आणि तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या. गाढवपणाच, त्यात वाद नाही. पण गाढवपणा दोघांचा होता. चौकीत दोघांना पूर्ण नाव विचारलं, राहायला कुठे ते विचारलं. सलिल नौपाड्याचा. त्याचे वडील आले, तर "पोरवय आहे, होतं असं," म्हणत साहेबांनीच त्यांची समजूत घातली, आणि सलिल चहाच्या वेळेला घरी. धम्मपालचं आडनाव आणि चाळ ऐकल्यावर मात्र त्याच साहेबांना आठवलं की हल्ली गाड्या फार चोरीला जातात. शाळेचा दाखला मागवला गेला. दाखल्यावर अठरा पूर्ण. सज्ञान चोर म्हणून धम्मपालची रवानगी तुरुंगात झाली.

बाबुराव हबकले ते त्या अठराने. धम्मपाल सतराचा होता. ते वर्ष त्यांनीच वाढवलेलं, त्याला पहिलीत घालताना, खोटं प्रतिज्ञापत्र करून.

सरकारी मोफत मदतीतून मिळालेली वकील प्रियांका म्हणाली, "आजोबा, खरं वय सिद्ध झालं तर केस बाल न्याय मंडळापुढे जाईल, जेलमधून सुटेल तो. पण प्रतिज्ञापत्र खोटं होतं हे तुम्हाला कोर्टात उभं राहून सांगावं लागेल. ते तुमच्यावर पण शेकू शकतं."

"शेकू दे गं. आधी पोरगं बाहेर काढ."

गावच्या ग्रामपंचायतीत जन्माची खरी नोंद होती. बाबुराव खोपट डेपोतून एसटीने निघाले. खिडकीबाहेर डोंगर गेले, मग कापसाची रानं, मग नुसता उजेड उरला. त्या उजेडातून दोन वर्षांचा धम्मपाल आला, त्यांच्या मांडीवर चढून बसला आणि गाव येईपर्यंत उतरला नाही. कंडक्टरने दोनदा विचारलं, "बाबा, कुठे उतरायचं?" येताना नोंदीचा उतारा त्यांनी बनियनच्या आत ठेवला होता.

परतल्यावर ते सलिलच्या घरी गेले. गाडी दोघांनी घेतली, चोरायला नाही तर फिरायला, एवढं सलिलने कोर्टात सांगावं, ही विनंती करायची होती. सलिलची आई नीला दारात जरा घुटमळली, पण आत बोलावलं. चहा आला. समोरच्या कपाटावर वाढदिवसाचा फोटो होता. केकवर एक आणि आठ अशा आकड्यांच्या मेणबत्त्या, आणि सलिलच्या खांद्यावर हात टाकून हसणारा धम्मपाल.

"हा कधीचा?" बाबुरावांनी विचारलं.

"गेल्या सप्टेंबरचा," नीला म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. हातातली बशी खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी सलिलचं वय विचारलंच नाही हो, काका."

बाबुरावांना आयुष्यात एवढा राग आला नव्हता. फोटो उचलावा, तडक कोर्टात न्यावा, म्हणावं, घ्या, याचंही वय मोजा. फोटो त्यांनी उचललाही. मग वाटलं, सलिल आत गेल्याने धम्मपाल बाहेर येणार नाही, आणि दुसऱ्याच्या पोराला तिथे धाडायचं पाप आपल्याला नको. फोटो जागेवर ठेवून ते विनंती न करताच जिना उतरले.

तारखेला कोर्टात न्यायाधीशबाईंनी उतारा पाहिला, दाखला पाहिला, मग बाबुरावांकडे पाहिलं. "आजोबा, तेव्हा खोटं का लिहून दिलंत?"

बाबुराव क्षणभर तरंगले. पंख्याखाली कागद फडफडत होते. प्रियांकाने त्यांच्या कोपराला हात लावला.

"मॅडम, पोरगं पाच वर्षांचं, चाळीबाहेर खेळायला लागलेलं. आमच्या गल्लीतली मोठी पोरं पोलीस सारखी उचलून न्यायचे. कधी काही केलं म्हणून, कधी उगाच. म्हटलं, हा एक वर्ष लवकर शाळेत गेला तर एक वर्ष लवकर शिकेल, एक वर्ष लवकर गल्लीतून निघेल. पोलिसांच्या नजरेत यायच्या आत."

मागे दोन शिपायांच्या मधे धम्मपाल उभा होता. हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कारकुनाकडे वळून म्हणाल्या, "लिहा. घटनेच्या दिवशी वय, सतरा."