एका पायाचा इलाज

"धोतर गुडघ्यावर घे आणि चाल," डॉक्टर म्हणाले.

समोर नागपूरहून आलेले चार पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. त्यांत एक गोरा साहेब. दवाखान्याच्या काळ्या फरशीवरून मी अनवाणी चाललो. डावा पाय कोरडा. उजव्याचा ओला ठसा पावलापावलाला उमटत होता. साहेबानं छडीच्या टोकानं ठसे दाखवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांसाठी. मला कोणी बस म्हणालं नाही.

अकोल्याच्या कापसाच्या प्रेसमध्ये मी पेटीत उतरून रुई तुडवायचो, मग तिच्या गाठी बांधायचे. माझे तळपाय जन्मापासून घामानं निथळायचे. अगदी थंडीतही. रुईला डाग पडतात म्हणून मुकादमानं सगळ्यांदेखत मला पेटीतून ओढून काढलं.

"पाय सुकवून ये, मंग काम माग."

घरची चूल माझ्याच कामावर पेटायची. कोणीतरी अमरावतीच्या या डॉक्टरांकडे जा म्हणालं, गेलो. त्यांनी माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले, तळवे चाचपून पाहिले. महारवाड्यातल्या माणसाच्या पायाला असा हात लावणारा मोठ्या जातीचा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी तिथंच विरघळलो. कमरेशी चिरून घामाची नस कापायची, दोन्ही पाय कोरडे होतील, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. देवासमोरही इतक्या विश्वासानं कधी हात जोडले नव्हते.

शुद्धीवर आलो तेव्हा टाके एकट्या डाव्या बाजूला.

"उजवा पुढल्या महिन्यात."

पुढला महिना गेला. सहा गेले. दर वेळी बोलावणं यायचं आणि दर वेळी पाहुणे असायचे. एका कोरड्या पायावर प्रेसमध्ये कोण उभं करणार?

म्हणून नागपूरचे पाहुणे आले त्या दिवशी सगळ्यांसमोरच विचारलं, "डाक्तरसाहेब, उजवा कवा करता?"

ते हसले. "अरे वेड्या, दोन्ही सारखे केले तर यांना फरक कशात दाखवू?"

मुकादमानं हाकललं त्याचं मला इतकं लागलं नव्हतं. तो माझा कधी नव्हताच. या माणसाला मात्र मी माझा समजलो होतो. त्यानं माझे पाय मांडीवर घेतले ते बघायला. मला बरं करायला नव्हे.

"पुन्हा एकदा चाल."

"नाई चालत."

"एवढा इलाज केला, त्याचं हे फळ?"

"इलाज कायचा? नमुना करून ठेवला तुमी मले."

त्या फरशीवरच वहाणा चढवल्या आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो.

उजवा पाय अजून ओलाच आहे. राहू दे. आता आमच्या वस्तीतलं कोणीही दवाखान्यात निघालं की मी सोबत जातो. कुठं कापणार, किती कापणार, कोणासाठी कापणार, हे डॉक्टरच्या तोंडावर विचारतो. उत्तर मिळाल्याशिवाय आमच्यातला एकही अंगठा त्यांच्या कागदावर उठू देणार नाही.